कोर्टातलं हव

आमच्याकडे कोणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्याने हव म्हणत राहायचं असतं. वाक्य संपलं की हव, बोलणारा दम घ्यायला थांबला की हव, मोठं माणूस असेल तर हव जी. याचा अर्थ होकार असा नाही. बोला, मी ऐकून राहिलो, एवढाच त्याचा अर्थ. उद्या कोणी सांगितलं की काल मी वाघाला गाडीवर मागे बसवून देवरीच्या बाजाराला नेलं, तरी आम्ही हवच म्हणणार. हव थांबलं की बोलणाराही थांबतो. समजायचं, समोरच्याचा डोळा लागला किंवा त्याला काहीतरी झोंबलं. होकाराचं हव वेगळं असतं. कानाला दोन्ही सारखीच लागतात. इथे जन्मलेल्या माणसाला फरक कळतो, पण कसा कळतो ते त्याला सांगता येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. भाषा शिकवतो. एकोणीस वर्षं मी या शब्दाच्या मागे हात धुऊन लागलो होतो. हजेरी घेताना कोणी हव गुरुजी म्हटलं की मी खडू खाली ठेवायचो. होय म्हण, सांगायचो. पोरगं म्हणायचं, हव जी. होय, मी पुन्हा सांगायचो. ते म्हणायचं, हव, होय. एवढ्या वर्षांत किती पोरांच्या तोंडातून हव काढलं ते माहीत नाही, पण घरी गेल्यावर ती परत हवच म्हणत असणार. मीही घरी हवच म्हणतो.

हाच शब्द पुढे माझ्या तोंडून कोर्टात निघाला, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असताना, आणि संगणकावर बसलेल्या बाबूने तो लिहून घ्यायला बोटं उचलली.

नोव्हेंबर होता. धान निघालं होतं. त्या दिवसांत चिचगडच्या रस्त्याला डांबर अर्धंच दिसतं. उरलेल्या अर्ध्यावर लोक धान वाळत घालतात आणि गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगडांची ओळ मांडतात. सरकारने रस्ता यांच्या अंगणासाठीच केला, असं मी दर वर्षी गाडीवरून मनातल्या मनात म्हणायचो. कधी कधी मोठ्यानेही म्हणायचो. मला राग लवकर येतो, हे शाळेतल्या भिंतींनाही माहीत आहे.

त्या दिवशी पोषण आहाराचे तक्ते केंद्रशाळेत बारा वाजायच्या आत द्यायचे होते आणि साडेअकरा होऊन गेले होते. एका वळणापुढे धान पसरलेलं होतं. मधोमध एक म्हातारा उभा राहून पायाने धान फिरवत होता, ते खालून-वरून सारखं वाळावं म्हणून. दुसऱ्या टोकाला त्याची बायको, माझ्याकडे पाठ करून, तेच काम करत होती. चाक दगडांच्या ओळीच्या आत गेलं, धानावरून घसरलं, आणि मी, गाडी आणि म्हातारा, तिघेही धानात पडलो.

मी उठून बसलो तेव्हा तो माझ्याकडेच पाहत होता. कानामागून रक्त येत होतं आणि धान त्याला चिकटत होतं.

"काऊन गुरुजी," तो म्हणाला, "लागलं का तुमाले?"

"हव," मी म्हणालो. मला लागलेलं नव्हतं. कोपर थोडं खरचटलं होतं.

गावातले लोक धावत आले. त्याला आधी इथल्या दवाखान्यात आणि मग गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सोबत गेलो, पहिल्या दिवशी बाहेर बाकावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी मी वर्गात तेराचा पाढा घेत होतो. मुख्याध्यापक दारात आले, त्यांनी मला बाहेर बोलावलं, म्हातारा गेला म्हणून सांगितलं. मी आत आलो आणि पाढा तेरा दाहे एकशेतीसपर्यंत पूर्ण घेतला. असं का केलं, ते अजून कळत नाही. काहीच वाटत नव्हतं, हे मात्र पक्कं आठवतं. दुःख नाही, भीती नाही. दाढेला सुई दिल्यावर गालाला हात लावला तरी तो आपला वाटत नाही, तसं काहीसं.

ठाण्यात हवालदार चांगला होता. गुरुजी बसा म्हणाला, पाणी दिलं. तो लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होता आणि मी ऐकत होतो. आपल्या ताब्यातील मोटारसायकल, तो म्हणाला. हव, मी म्हणालो. भरधाव वेगाने. हव. हयगयीने व निष्काळजीपणे चालवून. हव जी. सदर इसमाच्या मृत्यूस कारणीभूत झाला. हव. लिहून झाल्यावर त्याने सांगितलं, "एकशे सहा लावली गुरुजी. म्हंजे आपली जुनी तीनशे चार-अ." कायदा बदलला, कलमांचे आकडे बदलले, पण त्याच्या डोक्यात जुनेच होते. दाराशी उभ्या असलेल्या एकाने फक्त तीनशे ऐकलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात मी खून केला होता.

अटक कागदावरच झाली, जामीनही तिथेच झाला, कारण या कलमात तो मिळतो. दुपारी मी घरी जेवायला होतो. बायकोने वांग्याची भाजी केली होती. मी जेवलो, तिने विचारलं मीठ बरोबर आहे का, मी हव म्हणालो. तिने खाऊन पाहिलं आणि उठून मीठ घेऊन आली.

एकशे सहाला पाच वर्षांपर्यंतचा तुरुंग आहे, हे मला नंतर कळलं. मुख्याध्यापकांनी नोकरीचं सांगितलं. शिक्षा लागली की वरून चौकशी, आणि चौकशीचा शेवट ठरलेला. दोन मुली शिकत होत्या. सांगताना त्यांचा आवाज दबला होता, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं. मी ऐकून घेतलं.

खरं सांगायचं तर वकील करावा असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वकील गुन्हेगार लोक करतात, आणि खोटं बोलायचं असेल तरच करतात, अशी माझी समजूत. शिकलेल्या माणसाच्या समजुतीही काय एकेक असतात. पहिल्या पेशीला मी एकटाच गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून, तपासणीला जावं तसा. न्यायाधीश तिकडून, घाटावरून बदलून आलेले होते. तरुण, आवाज स्वच्छ, मराठी पुस्तकातल्यासारखी. त्यांनी विचारलं, वकील नेमला आहे का? मी म्हणालो, हव जी. कोण आहेत? कोणी नाही जी. मग विधी सेवा समितीकडून वकील हवा का? मी म्हणालो, हव.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हवा म्हणताय की हव म्हणताय?"

मागे कोणीतरी हसलं. बाबूने बाहेर येऊन मला समजावलं. सरकारी खर्चाचा वकील गरिबांना, बायकांना, आदिवासींना, तुरुंगात असलेल्यांना मिळतो, तुम्हाला पगार आहे गुरुजी, तुम्ही त्यात बसत नाही. पण वकील कराच, म्हणाला. हे काही शाळेचं दप्तर नाही, की आपणच भरून दिलं. त्यानेच त्या बाईंचं नाव सांगितलं.

वकीलबाई पन्नाशीच्या, गोंदियाच्या. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि दोन्ही भाषांत सारख्याच कडक. त्यांनी आधी माझी वही काढायला लावली. मी सगळी हकीकत टिपून नेली होती, मुद्द्यांना क्रमांक देऊन. त्यांनी ती न वाचता परत दिली.

"देखो गुरुजी, ये आपके पास रखो," त्या म्हणाल्या. "मी विचारीन तेवढंच सांगायचं. ठाण्यात काय बोललात?"

"काही नाही. हव म्हणत होतो."

"कितीदा?"

मी मोजलं नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, तेवढं नशीब समजा. कोर्टातलं मात्र चालतं. म्हणून कोर्टात तोंड सांभाळा.

मग त्यांनी आरोप म्हणजे काय ते मला शिकवलं. आरोपात तीन गोष्टी आहेत, त्या म्हणाल्या. म्हातारा मेला, ही एक. तुमच्या गाडीने मेला, ही दुसरी. आणि तुम्ही गाडी बेदरकार चालवली म्हणून मेला, ही तिसरी. पहिल्या दोन कोणी नाकारत नाही. तिसरी सरकारने सिद्ध करायची आहे, तुम्ही नाही. गुन्हा कबूल आहे का, असं विचारतील तेव्हा तुम्हाला म्हातारा दिसेल, आणि तुम्ही हो म्हणाल. सब यही करते हैं. पण प्रश्न म्हाताऱ्याचा नसतो, प्रश्न तिन्हींचा असतो. एकदा हो म्हटलं की तिन्ही आल्या, आणि वर शिक्षा आली.

मी ऐकत होतो. एकोणीस वर्षं शिकवलं, पण शब्दांचा एवढा हिशोबी अर्थ मला कोणी उलगडून सांगितला नव्हता. मग त्यांनी पंचनामा काढला. "ब्रेकचे निशाण नाहीत असं लिहिलंय. धान होतं म्हणून उमटले नसतील, बरोबर?"

"हव."

"और ये चाक दगडाच्या आत गेलं, की तुम्ही नेलं?"

पोरांना मी हेच शिकवतो. गाडी गेली, यात गाडी आपसूक जाते, कर्ता गाडीच. गाडी नेली, यात नेणारा कोणीतरी असतो, आणि त्याला विचारता येतं.

"गेलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि कागदावर तेवढाच शब्द लिहिला. मग माझ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. गुन्हा कबूल नाही. फक्त एवढंच. आणखी एकदा म्हणा. आणखी एकदा. मी पोरांकडून होय म्हणून घेतो, अगदी तसं. मी टेबलासमोर बसून तीन-चारदा म्हणून दाखवलं. बाहेर बसलेले दोन पक्षकार वळून पाहायला लागले.

दोषारोप ठेवायच्या दिवशी पुकारा झाला आणि मी पिंजऱ्यात उभा राहिलो. पिंजरा म्हणजे लाकडी कठडा, कमरेइतका. हात ठेवून ठेवून वरची पट्टी गुळगुळीत झालेली. मागच्या बाकावर म्हाताऱ्याची बायको बसली होती. तिला त्या दिवशी कोणी बोलावलं नव्हतं. पुढे कळलं, ती प्रत्येक पेशीला येत होती, सकाळच्या काळीपिवळी जीपने, डबा घेऊन.

न्यायाधीश वाचायला लागले. आमच्या शाळेतल्या परिपाठातही कोणी इतकं स्पष्ट वाचत नाही. तुम्ही अमुक तारखेला, अमुक वेळी. हव जी, मी म्हणालो. सार्वजनिक रस्त्यावर. हव. आपल्या ताब्यातील मोटारसायकल. मला वाटलं, ताब्यात असती तर मी इथे कशाला आलो असतो. तरी हव म्हणालो. वडीलधारं कोणी बोलत असताना गप्प उभं राहणं आमच्याकडे उद्धटपणाचं असतं. न्यायाधीश माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होते, पण ते वर बसले होते. वकीलबाईंनी मागे वळून डोळे मोठे केले. मला ते दिसले. त्याचा अर्थ मात्र पोचला नाही. मी मागच्या बाकाकडे पाहत होतो. म्हातारी मान हलवत होती, माझ्या प्रत्येक हववर एकेकदा.

"हा आरोप तुम्हाला वाचून दाखवला आणि समजावून सांगितला. तुम्हाला गुन्हा कबूल आहे का?"

"हव जी," मी म्हणालो.

बाबूची बोटं वर झाली. वकीलबाई खुर्ची सरकवून उभ्या राहिल्या. "साहेब, हे हव होकाराचं नाही. इकडे ऐकताना हव म्हणतात. आपण वाचत होतात तेव्हापासून ते म्हणतच होते."

"मी त्यांना सरळ प्रश्न विचारला, मॅडम. आणि ते भाषेचे शिक्षक आहेत."

"म्हणूनच, साहेब. शिक्षक आहेत, कोर्टाची सवय नाही."

न्यायाधीशांनी बाबूला थांबायला सांगितलं. मग सरकारी वकिलांकडे पाहिलं. सरकारी वकील इथलेच, आमगावकडचे. खाली मान घालून म्हणाले, "साहेब, म्हणतात तसं. माझी आईही फोनवर हवच म्हणते, आणि नंतर मनातलं करते." न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी टिपून घेतलं. मला सांगितलं, बाहेर जा, वकिलांशी बोला, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारतो, आणि तेव्हा होय किंवा नाही यांपैकी एकच शब्द बोलायचा.

बाहेर चिंचेखाली वकीलबाई मला म्हणाल्या, "सच बताओ गुरुजी. कौनसा वाला था?"

"ऐकण्याचं," मी म्हणालो.

मला तेव्हा माहीत नव्हतं. आज विचाराल तर तेव्हा माहीत नव्हतं हेही पूर्ण खरं नाही. सुट्टीनंतर मी पुन्हा उभा राहिलो, प्रश्न ऐकला, आणि नाही म्हणालो. पाठ केलेलं वाक्य आठवलंच नाही, पण एक शब्द पुरला. म्हातारीची मान हलली नाही.

मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा ती कडेला डबा उघडून बसली होती. वर पाहून म्हणाली, "पयले हव म्हनलात गुरुजी. मंग नाई म्हनलात." तिच्या आवाजात राग नव्हता. पोरगं गणिताचं उत्तर दोनदा वेगळं सांगतं तेव्हा आपण विचारतो, त्या स्वरात ती बोलली. मी पुढे गेलो. मला स्वतःची लाज वाटली. त्या सगळ्या महिन्यांत वाटलेली ती पहिली गोष्ट होती आणि ती फाटकापर्यंतच टिकली.

मग पेश्या पडत गेल्या. साहेब रजेवर, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, समन्स पोचलं नाही, साक्षीदार धानाच्या रोवणीला गेला. दोन रोवण्या अशा गेल्या. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकच होता, आणि ती होती म्हातारी. बाकीचे आवाज ऐकून नंतर आले होते. वकीलबाई म्हणाल्या, सारी केस तिच्यावर आहे. ती बोलली की गाडी जोरात होती, तर मी फार काही करू शकणार नाही.

तिच्या साक्षीच्या दिवशी पाऊस नुकताच उघडला होता. साक्षीदाराचा कठडा माझ्या पिंजऱ्यापेक्षा उंच, त्यात उभी राहिल्यावर तिचं डोकंच तेवढं वर दिसत होतं. शपथ घेतली, नाव सांगितलं. सरकारी वकिलांनी विचारायला सुरुवात केली, आणि ती माझ्यासारखीच सुरू झाली. त्या दिवशी तुम्ही आणि तुमचे पती धान वाळवत होता. हव जी. रस्त्याच्या कडेने दगड लावले होते. हव. मग आरोपीची गाडी आली.

"हव जी."

"गाडी भरधाव होती?"

"हव जी."

बाबूची बोटं चालायला लागली. माझ्या शेजारच्या पोलिसाने सुस्कारा टाकला, बहुधा माझ्यासाठी. मला काही वाटलं नाही. मी फक्त एवढंच मनात म्हणालो की झालं, आता हे संपेल.

न्यायाधीशांनी हात वर केला. बाबू थांबला. ते पुढे वाकले आणि त्यांच्या स्वच्छ मराठीत, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही आता हव म्हणालात. ते होय म्हणून म्हणालात, की ऐकत आहात म्हणून?"

माझ्यामुळे ते हे शिकले होते. कागदाच्या कोपऱ्यात टिपून घेतलं होतं ते हेच असणार.

म्हातारीने विचार केला. तिने घाई केली नाही. "आयकून राहिली जी," ती म्हणाली.

"मग गाडी जोरात येत होती की हळू, हे तुम्ही पाहिलं का?"

"नाई जी. माही पाठ होती. आवाज आला तवा पलटली. तवा ते दोघंय खाली पडून होते."

वकीलबाई उलटतपासणीला उठल्या आणि एकच प्रश्न विचारून बसल्या. गाडी येताना तुम्ही पाहिली नाही, बरोबर? नाई पायली, म्हातारी म्हणाली. खाली उतरताना तिने कठड्याला धरलं. मी पुढे होऊन हात द्यायला हवा होता, पण आरोपीने साक्षीदाराजवळ जायचं नसतं. शिपायाने तिला उतरवलं.

पुढे न्यायाधीशांनी मला, पुराव्यात जे आलं त्याबद्दल काय म्हणायचं आहे, असं विचारलं. वकीलबाईंनी शिकवल्याप्रमाणे मी म्हणालो, खोटं आहे, माहीत नाही, खोटं आहे. निकाल दोन ओळींत सांगितला गेला. वेग आणि निष्काळजीपणा सिद्ध झालेला नाही, संशयाचा फायदा देऊन आरोपीला निर्दोष सोडण्यात येत आहे. वकीलबाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, जाओ गुरुजी, मुलांना शिकवा. मी त्यांचे आभार मानले. नोकरी राहिली. मुलींना फोन केला, त्या रडल्या. मी फोन कानाला लावून हव, हव म्हणत होतो.

काळीपिवळीच्या थांब्यावर म्हातारी होती. तिथे दुसरं कोणी नव्हतं. ऊन उतरलं होतं. मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो असतो, पण तिने पिशवी उचलून बाकावर जागा केली. मी बसलो. गाडी यायला वेळ होता. तिने विचारलं, "गुरुजी, गाडी जोरात होती का तुमची?"

"हव," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. "कोनतं हव?"

एवढ्या वर्षांत माझ्यावर हा प्रश्न कोणी उलटवला नव्हता. "होय," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "बुडा सांगे दवाखान्यात. गुरुजी लय जोरात आले मने."

तिला माहीत होतं. दोन वर्षं, प्रत्येक पेशीला, डबा घेऊन बसली होती तेव्हा तिला माहीत होतं. "मग कोर्टात काऊन नाही सांगितलं, माय?"

"कोनी इचारलंच नाई," ती म्हणाली. "तू पायलं का, इचारलं. म्या नोयतं पायलं. बुड्यानं पायलं, तं तो मेला."

मला तिच्यावर राग यायला हवा होता, की स्वतःवर, की हवालदारावर, ज्याने दवाखान्यात जाऊन म्हाताऱ्याला एक शब्द विचारला नाही. यांतलं काहीच आलं नाही. मी फक्त सांगायला लागलो. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगायला लागलो. तक्ते बारापर्यंत द्यायचे होते.

"हव," ती म्हणाली.

उशीर झाला होता, मुख्याध्यापक ओरडले असते.

"हव."

रस्त्यावर धान पाहिलं की माझं डोकं फिरायचं. दर वर्षी फिरायचं.

"हव जी."

म्हातारा मला लांबूनच दिसला होता. ब्रेक मारला असता तर गाडी थांबली असती. मी मारला नाही. तो बाजूला होईल असं वाटलं.

"हव," ती म्हणाली, जरा हळू.

"चाक दगडाच्या आत गेलं नव्हतं, माय," मी म्हणालो. "मी नेलं. रागानं, मुद्दाम, धानावरून नेलं."

मी थांबलो आणि वाट पाहिली. काळीपिवळी आली, म्हातारी पिशवी घेऊन उठली, आत जाऊन खिडकीशी बसली. हव आलं नाही.